बाउंडरी स्कॅन आणि स्वयंचलित सर्किट बोर्ड चाचणी यंत्रांची जोडणी

सर्किट बोर्डाच्या उत्पादनात बाउंडरी स्कॅन आणि स्वयंचलित चाचणी यंत्र यांची जोडणी म्हणजे स्प्रिंगच्या खिळ्यांनी बोर्डाला स्पर्श करून तपासणी करणाऱ्या यंत्रात बाउंडरी स्कॅनचा नियंत्रक बसवणे आणि दोन्ही तपासण्या एकाच थांब्यावर, एकाच कार्यक्रमाखाली चालवणे. हा नियंत्रक चिपच्या आत आधीपासून असलेल्या चाचणी-मंडलाशी संवाद साधतो. खिळ्यांना बोर्डाचा पृष्ठभाग दिसतो, पण चिपखाली दडलेले सोल्डरचे सांधे दिसत नाहीत. बाउंडरी स्कॅनला ते सांधे दिसतात, पण रेझिस्टरचे मूल्य मोजता येत नाही. या परस्परपूरकतेमुळे ही जोडणी केली जाते. कागदावर ती चार-पाच तारांचे काम वाटते. प्रत्यक्षात तिचे यश तारांची लांबी, ग्राउंडची मांडणी आणि चाचणीचा क्रम यांवर अवलंबून असते.

पार्श्वभूमी

बोर्डावर घटक बसवून सोल्डर केल्यानंतर प्रत्येक घटक योग्य जागी, योग्य मूल्याचा आणि नीट जोडलेला आहे का हे तपासावे लागते. यासाठी ‘इन-सर्किट टेस्ट’ ही पद्धत रूढ झाली. तिच्यात बोर्ड एका साच्यावर, म्हणजे फिक्स्चरवर, ठेवतात आणि निर्वात दाबाने किंवा हवेच्या दट्ट्याने खाली ओढतात. साच्यातून वर आलेले शेकडो, कधी हजारो, स्प्रिंगचे खिळे बोर्डावरील चाचणी-बिंदूंना टेकतात. इंग्रजीत या मांडणीला ‘बेड ऑफ नेल्स’ म्हणतात. मराठी वाचकाला भीष्माची शरशय्या आठवावी अशी ती रचना असते. प्रत्येक खिळ्यामागे यंत्राची एक वाहिनी असते. त्या वाहिनीतून विद्युतदाब देता येतो, मोजता येतो किंवा डिजिटल संकेत पाठवता येतो. ह्यूलेट-पॅकार्डची ३०७० मालिका या वर्गातील सर्वांत परिचित यंत्रांपैकी एक. ती १९९९ मध्ये अजिलेंट आणि २०१४ मध्ये कीसाइट या कंपनीकडे गेली. जेनरॅड ही या क्षेत्रातील जुनी कंपनी २००१ मध्ये टेराडाइनने घेतली.

१९८० च्या दशकात बोर्ड दाट होऊ लागले. चिपचे पाय बाजूंना असत तोवर खिळ्याला जागा मिळत असे. पृष्ठभागावर बसणारे घटक आले, बोर्डाच्या दोन्ही बाजू वापरल्या जाऊ लागल्या, आणि पुढे बॉल ग्रिड अरे प्रकारच्या चिपमुळे सगळे सांधे चिपच्या पोटाखाली गेले. तेथे खिळा पोहोचत नाही आणि डोळ्यालाही काही दिसत नाही.

ही अडचण येणार हे ओळखून १९८५ मध्ये युरोपातील इलेक्ट्रॉनिक्स कंपन्यांनी एक संयुक्त गट स्थापन केला. उत्तर अमेरिकेतील कंपन्या सामील झाल्यावर त्याचे नाव ‘जॉइंट टेस्ट ॲक्शन ग्रुप’ म्हणजे ‘जेटॅग’ झाले. या गटाच्या प्रस्तावातून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे मानक संमत झाले. १९९४ च्या पुरवणीत चिपच्या चाचणी-रचनेचे वर्णन करणारी बीएसडीएल ही भाषा आली. मानकाच्या सुधारित आवृत्त्या २००१ आणि २०१३ मध्ये निघाल्या. आज अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला जेटॅगची पहिली ओळख बहुधा मायक्रोकंट्रोलरचा प्रोग्राम तपासण्याचे पोर्ट म्हणून होते. मात्र मूळ हेतू सोल्डरचे सांधे तपासण्याचा होता. प्रोग्राम तपासण्याचा उपयोग नंतर जोडला गेला.

बाउंडरी स्कॅनची रचना

मानक पाळणाऱ्या चिपमध्ये प्रत्येक डिजिटल पाय आणि आतील तर्कमंडल यांच्या मध्ये एक छोटा स्मृतिकोश असतो. हे सर्व कोश एकामागे एक जोडून चिपच्या कडेने एक साखळी तयार होते. नावातील ‘बाउंडरी’ ती हीच. साखळीत एका टोकाने बिट आत सरकवता येतात आणि दुसऱ्या टोकाने बाहेर काढता येतात. त्यासाठी चार पाय लागतात: टीसीके हा घड्याळ-संकेत, टीएमएस हा अवस्था बदलणारा संकेत, टीडीआय ही आत जाणारी माहिती आणि टीडीओ ही बाहेर येणारी माहिती. टीआरएसटी हा पाचवा पाय ऐच्छिक आहे. चिपमधील नियंत्रकाला १६ अवस्था असतात. तो कोणत्याही अवस्थेत असला तरी टीएमएस उच्च ठेवून घड्याळाचे पाच ठोके दिले की तो मूळ स्थितीत परततो. ही सोय साधी दिसते. पण साच्यात बोर्ड बसवल्यावर चिप कोणत्या अवस्थेत आहे हे यंत्राला ठाऊक नसते, तेव्हा तिचे महत्त्व कळते.

‘एक्सटेस्ट’ ही आज्ञा दिली की चिपचे पाय आतील तर्कमंडलापासून सुटतात आणि कोशांच्या ताब्यात येतात. मग एका चिपच्या पायावर १ ठेवायचा आणि त्याच जोडणीच्या दुसऱ्या टोकाला असलेल्या चिपच्या कोशात काय पोहोचले ते वाचायचे. १ पोहोचला नाही तर सांधा तुटलेला आहे. शेजारच्या जोडणीवरही तोच आकडा उमटत असेल तर दोन सांधे एकमेकांना चिकटले आहेत. प्रत्येक जोडणीला वेगळा द्विमान क्रमांक दिला की सर्व जोडण्या एकाच वेळी तपासता येतात. सर्व शून्ये आणि सर्व एक हे दोन क्रमांक वगळल्यास १००० जोडण्यांना १० नमुने पुरतात. दोष नेमका शोधण्यासाठी त्यांचे उलट नमुने जोडले तर २० होतात. साखळीत २००० कोश आणि घड्याळाचा वेग १० मेगाहर्ट्झ धरल्यास एकूण ४०,००० ठोके, म्हणजे सुमारे ४ मिलिसेकंद लागतात. एवढ्या वेळात खिळ्यांचा साचा पूर्ण खालीही बसत नाही.

जोडणीचे प्रकार

पहिल्या प्रकारात चाचणी यंत्राच्या स्वतःच्या डिजिटल वाहिन्यांपैकी चार-पाच वाहिन्या टीसीके, टीएमएस, टीडीआय आणि टीडीओ यांना देतात. वेगळे उपकरण लागत नाही. मात्र खिळ्यांचे यंत्र समांतर नमुन्यांसाठी घडवलेले असते: अनेक वाहिन्या, पण प्रत्येकीमागे मर्यादित स्मृती. बाउंडरी स्कॅनला नेमके उलटे हवे असते: मोजक्या वाहिन्या आणि लाखो बिटांची एकेरी रांग. त्यामुळे जोडण्यांची साधी तपासणी या मार्गाने होते, पण मोठी फ्लॅश स्मृती भरणे जड जाते.

दुसऱ्या प्रकारात बाउंडरी स्कॅनचा स्वतंत्र नियंत्रक यंत्रात किंवा साच्यात बसवतात. नेदरलँड्समधील जेटॅग टेक्नॉलॉजीज, जर्मनीतील येना येथील ग्योपेल इलेक्ट्रॉनिक, अमेरिकेतील ॲसेट इंटरटेक आणि कोरेलिस, तसेच ब्रिटनमधील एक्सजेटॅग या कंपन्या असे नियंत्रक बनवतात. खिळ्यांच्या यंत्राचा मुख्य कार्यक्रम ठरलेल्या टप्प्यावर नियंत्रकाच्या सॉफ्टवेअरला हाक देतो आणि निकाल परत घेतो. केवळ ‘उत्तीर्ण’ किंवा ‘अनुत्तीर्ण’ एवढे परत आले तर जोडणीचा निम्मा फायदा वाया जातो. दुरुस्ती करणाऱ्या कामगाराला कोणत्या चिपचा कोणता पाय आणि कोणती जोडणी हे इतर दोषांच्याच पावतीवर दिसायला हवे. त्यासाठी दोन्ही सॉफ्टवेअरमध्ये जोडण्यांची नावे एकाच आराखड्यातून आलेली असावी लागतात. ही बाब किरकोळ वाटते, पण एका ठिकाणी मोठी आणि दुसऱ्या ठिकाणी छोटी अक्षरे असली तरी अहवाल जुळत नाहीत.

तिसरा मार्ग म्हणजे दोन वेगळे थांबे. छोट्या संख्येच्या उत्पादनात तो अजूनही शहाणपणाचा ठरतो, कारण साच्याचा खर्च वाचतो. परंतु दोन्ही तपासण्या एकमेकींना जी मदत करू शकतात ती यात मिळत नाही.

तारा, ग्राउंड आणि वेग

टेबलावर बोर्ड ठेवून वीतभर केबलने जोडलेला नियंत्रक सुरळीत चालतो आणि तोच साच्यात बसवल्यावर अडखळतो, हा अनुभव या क्षेत्रात नेहमीचा आहे. साच्यात संकेताला नियंत्रकापासून यंत्राच्या जोडफलकापर्यंत, तेथून साच्याच्या तारेतून खिळ्यापर्यंत आणि खिळ्यातून बोर्डावर जावे लागते. हा मार्ग सहज दीड-दोन मीटर होतो.

येथे वेळेचे गणित महत्त्वाचे ठरते. टीडीओ हा संकेत घड्याळाच्या उतरत्या कडेला बदलतो आणि पुढच्या चढत्या कडेला वाचला जातो. म्हणजे जाण्या-येण्याचा सर्व विलंब अर्ध्या ठोक्यात बसला पाहिजे. तारेत संकेताला मीटरमागे सुमारे ५ नॅनोसेकंद लागतात. दोन मीटरचा मार्ग धरल्यास घड्याळ पोहोचायला १०, टीडीओ परतायला १०, मधल्या बफरना दोन्ही दिशांना मिळून १० आणि चिपला स्वतः उत्तर द्यायला १५, अशी बेरीज ४५ नॅनोसेकंद होते. १० मेगाहर्ट्झला अर्धा ठोका ५० नॅनोसेकंदांचा असतो. चिपच्या माहितीपत्रकात २५ मेगाहर्ट्झ छापलेले असले तरी अशा साच्यात १० च्या वर जाणे धोक्याचे का, हे यावरून कळते. काही नियंत्रकांत हा विलंब मोजून वाचनाची वेळ पुढे ढकलण्याची सोय असते.

घड्याळाच्या तारेवर परावर्तन झाले तर एका ठोक्याचे दोन ठोके मोजले जातात आणि साखळी एका बिटाने सरकते. दोष सोल्डरचा नसतो, तरी चांगले बोर्ड नापास होतात. उपाय ठरलेले आहेत: बफर साच्यातच, खिळ्यांच्या जवळ बसवणे, त्याच्या निर्गमापाशी तारेच्या प्रतिरोधाशी जुळणारा छोटा रेझिस्टर घालणे, आणि प्रत्येक संकेताच्या तारेला ग्राउंडच्या तारेचा पीळ देणे. टीसीकेची तार इतरांपासून दूर ठेवतात.

त्याहून फसवा दोष ग्राउंडचा. एक्सटेस्टमध्ये एकाच क्षणी शेकडो पाय ० वरून १ वर किंवा उलट जातात. त्या क्षणी ग्राउंडमधून मोठा प्रवाह उसळतो. बोर्ड मोजक्याच ग्राउंड-खिळ्यांवर उभा असेल तर त्या खिळ्यांच्या आणि तारांच्या प्रेरकत्वामुळे बोर्डाचे ग्राउंड क्षणभर वर उचलले जाते. चिपला तो घड्याळाचा ठोका वाटू शकतो. नियंत्रक भलत्याच अवस्थेत जातो आणि पुढचे सारे वाचन निरर्थक होते. अशा बोर्डाची तपासणी कधी उत्तीर्ण होते, कधी होत नाही. म्हणून जोडणीच्या आराखड्यात ग्राउंडचे खिळे सढळ हाताने द्यावेत, निदान काही चाचणी-बिंदूंच्या अगदी शेजारी द्यावेत, असा संकेत आहे. एकाच वेळी बदलणाऱ्या पायांची संख्या कमी करणारे नमुने वापरणे हा दुसरा उपाय.

चाचणीचा क्रम

खिळ्यांच्या यंत्रात पहिले मोजमाप वीज न देता होते. चिपमधील डायोड चालू होऊ नयेत म्हणून फक्त ०.१ ते ०.२ व्होल्ट एवढाच दाब लावून रेझिस्टर, कपॅसिटर आणि शॉर्ट तपासतात. या वेळी बाउंडरी स्कॅनचा नियंत्रक त्याच तारांना जोडलेला राहिला तर त्याच्या आतील रेझिस्टर आणि संरक्षक डायोड मोजमापात मिसळतात. शिवाय वीज नसलेल्या बोर्डावर त्याने संकेत दिला तर चिपच्या संरक्षक डायोडमधून बोर्डाला अर्धवट वीज मिळते. त्यामुळे नियंत्रक आणि खिळे यांच्या मध्ये रिले घालतात. शॉर्ट नसल्याची खात्री झाली, वीज दिली, ती स्थिरावली, की मग रिले बंद होऊन नियंत्रक जोडला जातो.

त्यापुढे सर्वप्रथम साखळी स्वतः शाबूत आहे का हे पाहतात. प्रत्येक चिपच्या आज्ञा-रजिस्टरमधून पहिले दोन बिट ठरावीक ‘०१’ येतात, म्हणून साखळी कोठे तुटली याचा अंदाज लागतो. मग ३२ बिटांचा ओळख-क्रमांक वाचून चूक चिप किंवा चूक आवृत्ती बसली नाही ना हे तपासतात. त्यानंतर जोडण्या, मग स्मृतिचिपा आणि शेवटी फ्लॅश भरणे.

साखळीतली एक चिप मुकी असेल तर सारी साखळी मुकी होते. खिळ्यांची खरी साथ येथे मिळते. एका चिपचा टीडीओ आणि पुढच्या चिपचा टीडीआय यांना जोडणाऱ्या तारेवर खिळा असेल तर संकेत कुठवर आला हे थेट पाहता येते, किंवा साखळी मधूनच चालवता येते. साखळीच्या तारांवर खिळे वाचवणे ही खोटी काटकसर ठरते.

चिपखालच्या ज्या जोडण्यांवर खिळा नाही, त्यांतील शॉर्ट वीज देण्यापूर्वी सापडत नाही. तो एक्सटेस्ट सुरू झाल्यावरच उघड होतो आणि तेवढा वेळ दोन निर्गम एकमेकांविरुद्ध भिडलेले असतात. म्हणून ही तपासणी शक्य तितक्या लवकर आणि थोड्या वेळात उरकतात.

खिळे कोठे वाचतात, कोठे वाढतात

खिळ्यामागे साधारण २ न्यूटन दाब धरला तर १५०० खिळ्यांचा साचा बोर्डाला ३००० न्यूटनने, म्हणजे सुमारे ३०० किलो वजनाने, वर ढकलतो. आधार नीट नसेल तर बोर्ड वाकतो, सिरॅमिक कपॅसिटरला तडे जातात आणि चिपखालचे सांधे फुटतात. तपासणीनेच दोष निर्माण होण्याचा हा प्रकार असतो. दोन्ही टोकांना बाउंडरी स्कॅनची चिप असलेल्या जोडणीवरचा खिळा काढून टाकता येतो. दाट डिजिटल बोर्डावर अशा जोडण्या बऱ्याच असतात.

उलट, ज्या जोडणीच्या एकाच टोकाला अशी चिप आहे आणि दुसरे टोक कनेक्टरवर किंवा साध्या घटकावर संपते, तेथे खिळा ठेवायचा. खिळ्यामागची वाहिनी साखळीतल्या कोशासारखीच वापरून त्या जोडणीवर संकेत देता किंवा वाचता येतो. दोन उपकरणे खऱ्या अर्थाने एक होतात ती येथे. याशिवाय काही चिपा विशिष्ट पायांवर ठरावीक दाब असेल तरच मानकाप्रमाणे वागतात. त्या अटी बीएसडीएल फाइलमध्ये नोंदलेल्या असतात आणि तो दाब खिळ्यानेच धरून ठेवावा लागतो. बोर्डावर वॉचडॉग मंडल असेल तर तेही खिळ्याने गप्प करावे लागते, नाहीतर चाचणी मध्यावर असताना ते चिपला पुन्हा सुरुवातीला नेते.

बाउंडरी स्कॅनही खिळ्यांच्या चाचणीला मदत करते. जुन्या पद्धतीत एखाद्या चिपच्या आगमावर संकेत द्यायचा तर आधीच्या चिपचा निर्गम जबरदस्तीने दाबावा लागे. या ‘बॅकड्रायव्हिंग’मुळे चिप तापते, म्हणून त्याला वेळेची कडक मर्यादा असते. आधीच्या चिपला बाउंडरी स्कॅनने उच्च-प्रतिरोध स्थितीत नेले की जबरदस्तीची गरज उरत नाही.

फ्लॅश स्मृती भरणे

कारखान्यात जोडणीचा निर्णय पुष्कळदा याच एका कामावर होतो. फ्लॅशला स्वतःची साखळी नसते. शेजारच्या प्रोसेसरचे पाय बाउंडरी स्कॅनने हलवून तिच्यात लिहावे लागते. साखळी ५०० कोशांची आणि एक शब्द लिहिण्यासाठी तीन फेऱ्या (पत्ता व माहिती ठेवणे, लेखन-संकेत खाली नेणे, वर आणणे) धरल्या तर शब्दामागे १५०० ठोके लागतात. ८ मेगाबाइटच्या स्मृतीत १६ बिटांचे सुमारे ४२ लाख शब्द असतात. १० मेगाहर्ट्झला हे काम साडेदहा मिनिटे घेते. फ्लॅशच्या स्वतःच्या आज्ञांचा वेळ वेगळाच. लेखन-संकेताच्या तारेवर एक खिळा दिला आणि तो संकेत यंत्राने थेट हलवला, तर तीन फेऱ्यांची एक होते आणि वेळ साडेतीन मिनिटांवर येतो. एका खिळ्याची ही कमाई आहे. तरीही मिनिटाला एक बोर्ड काढणाऱ्या ओळीला साडेतीन मिनिटे परवडत नाहीत. तेथे बाउंडरी स्कॅनने प्रोसेसरमध्ये छोटा प्रोग्राम उतरवून त्याच्याकडूनच फ्लॅश भरून घेतात किंवा वेगळा प्रोग्रामर वापरतात.

दमट हवामानाचा प्रश्न

चाचणीच्या पुस्तकांत हवामानाला फारशी जागा नसते, पण कोकणात ती द्यावी लागते. रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुंबई–पुणे लोहमार्ग आणि द्रुतगती मार्गाच्या पट्ट्यात आहेत. जून ते सप्टेंबर या काळात घाटाला अडलेले ढग येथे मुसळधार बरसतात आणि हवा आठवडेच्या आठवडे ओलसर राहते. अशा पट्ट्यात चाचणी-कक्ष उभारताना वातानुकूलन आणि आर्द्रता-नियंत्रण आवश्यक ठरते.

कारण दुहेरी आहे. सोल्डरिंगनंतर बोर्डावर उरलेला फ्लक्सचा थर ओलावा धरतो आणि त्यातून सूक्ष्म गळती सुरू होते. मेगओहममधील रेझिस्टर मोजताना खिळ्यांच्या यंत्राला तो कमी भरतो, म्हणजे घटक चांगला असून नापास होतो. खिळ्याच्या टोकावर तोच फ्लक्स साचला की स्पर्शाचा रोध वाढतो. डिजिटल संकेताला थोडी गळती खपते, म्हणून बाउंडरी स्कॅनचे निकाल ओलाव्याने सहसा ढळत नाहीत. मात्र तिच्या चार तारा आणि ग्राउंड त्याच खिळ्यांवरून येतात. ग्राउंडचा एखादा खिळा मळला तर वर सांगितलेला ग्राउंडचा दोष पावसाळ्यात अचानक उद्भवू शकतो आणि शोध बोर्डात घेतला जातो. साच्याची नियमित साफसफाई, खिळ्यांच्या स्पर्शांची मोजणी आणि ठरावीक संख्येनंतर खिळे बदलणे हे येथे देखभालीचे मुख्य काम असते.

मर्यादा

बाउंडरी स्कॅन रेझिस्टर आहे की नाही हे काही वेळा सांगू शकते, पण त्याचे मूल्य सांगू शकत नाही. वीजपुरवठ्याच्या वाहिन्या आणि बहुतेक अनुरूप मंडले तिच्या कक्षेबाहेर राहतात. अनुरूप संकेतांसाठी १९९९ चे ११४९.४ हे मानक आहे, पण त्याला पाठिंबा देणाऱ्या चिपा थोड्या आहेत. मध्ये कपॅसिटर असलेल्या वेगवान जोडतारांवर साधा ० किंवा १ टिकत नाही. त्यांच्यासाठी २००३ मध्ये ११४९.६ आले आणि वेगवान संपर्काच्या चिपांमध्ये ते वापरले जाते. शेजारी-शेजारी लावलेल्या डझनभर छोट्या कपॅसिटरांपैकी एक नसेल तर ते मात्र खिळ्यांनाही कळत नाही आणि बाउंडरी स्कॅनलाही नाही. तेथे कॅमेऱ्याने केलेली दृश्य तपासणी वापरतात.